युनोस कॉस्मो (१९९०-९६): १३बी की २०बी? आणि घेण्याआधी काय काय तपासायचं?

निळा_कूपे

रोटरीचा (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी रोटरवर चालणाऱ्या इंजिनाचा) विषय निघाला की सगळी चर्चा आरएक्स-७ आणि आरएक्स-८ वर येऊन थांबते. जुन्यांपैकी कुणी १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टचं नाव घेतं. पण माझदाने रस्त्यावरच्या गाडीत तीन रोटरचं इंजिन एकदाच दिलं, ते युनोस कॉस्मोत, आणि नेमकी हीच गाडी कुणाच्या यादीत नसते. जपानच्या लिलावांत ती अधूनमधून दिसते. बरेचदा वर्णन दोन ओळींचं आणि फोटो धूसर.

जाणकारांना विचारायचंय : ही गाडी नेमकी कशासाठी काढली होती आणि मागे का पडली? दोन रोटरचं १३बी आणि तीन रोटरचं २०बी यांत एका रोटरपलीकडे काय फरक आहे? आणि जपानमधली गाडी तिथल्याच माणसाकडून तपासून घ्यायची तर त्याला काय काय बघायला सांगावं? 'इंजिन छान आहे' असं सगळेच लिहितात, त्याला अर्थ नाही. मोजून दाखवता येईल असं काही सांगा.

तिसरा_रोटर

आधी इतिहास, म्हणजे आकड्यांचा संदर्भ लागेल.

कॉस्मो नावाच्या चार पिढ्या झाल्या. १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट (१०ए इंजिन, ९८२ सीसी, ११० पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), १९७५ ची कॉस्मो एपी (बाहेरच्या बाजारात आरएक्स-५), १९८१ ची एचबी, जिच्यात १९८२ साली १२ए टर्बो आलं आणि उत्पादनातल्या रोटरीला पहिल्यांदा टर्बो लागला. चौथी ही १९९० ची, जेसी मालिका. तीन रोटरची चाहूल आधीच लागली होती. १९८५ च्या टोकियो मोटर शोमध्ये एमएक्स-०३ ही संकल्पना-गाडी तीन रोटरचं टर्बो इंजिन घेऊन उभी होती, आणि १९८६ मध्ये ७५७ या शर्यतीच्या गाडीत तीन रोटरचंच १३जी होतं. पण १३जी हे पेरिफेरल पोर्टचं (हवा रोटरच्या बाजूच्या प्लेटमधून नव्हे, घेरातून आत घेणारं), टर्बो नसलेलं शर्यती इंजिन. ते आणि २०बी एकच, असं बरेच जण लिहितात, तसं नाही.

त्या काळात माझदाने जपानमध्ये विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या उघडल्या होत्या : माझदा, ऑटोझाम, युनोस, अनफिनी आणि ऑटोरामा. युनोसकडे रोडस्टर आली (आपण जिला मिआटा किंवा एमएक्स-५ म्हणतो तीच) आणि त्या दुकानाचा मानाचा तुरा म्हणून कॉस्मो. १९८९ मध्ये जपानचा मोटार कर बदलला. त्याआधी रुंदी १.७ मीटरच्या वर गेली की गाडी थेट महागड्या करवर्गात जायची. नंतर कर इंजिनाच्या आकारावर बसू लागला, त्यामुळे कंपन्यांनी अंग पसरायला सुरुवात केली. कॉस्मो त्याच वाऱ्यात वाढलेली : लांबी ४,८१५, रुंदी १,७९५, उंची १,३०५, व्हीलबेस २,७५० मिमी. सस्पेन्शन पुढे डबल विशबोन, मागे मल्टिलिंक. २०बीचं वजन सुमारे १,६०० किलो. म्हणजे लांबच्या प्रवासाची ऐसपैस कूपे, वळणांवर खेळायची गाडी नव्हे. तिला आरएक्स-७ ची मोठी बहीण समजून घेणारा हमखास नाराज होतो.

आता इंजिनं. कॉस्मोतल्या दोन रोटरवाल्या इंजिनाला मंडळी बहुधा १३बी-आरई म्हणतात : १,३०८ सीसी, ६,५०० आरपीएमला २३० पीएस, ३,५०० ला ३०.० किग्रॅ-मी टॉर्क. तीन रोटरचं २०बी-आरईडब्ल्यू : १,९६२ सीसी, ६,५०० ला २८० पीएस, ३,००० ला ४१.० किग्रॅ-मी. २८० हा आकडा जपानी कंपन्यांनी आपापसांत पाळलेल्या अलिखित मर्यादेचा, तेव्हा त्यावरून फार अंदाज बांधू नका. खरा फरक टॉर्कमध्ये आहे. ४१ किग्रॅ-मी आणि तेही ३,००० ला, रोटरीच्या मानाने ही वेगळीच वागणूक आहे.

दोन्ही इंजिनांना सिक्वेन्शियल ट्विन टर्बो : खालच्या आरपीएमला एकच टर्बो काम करतो, पुढे दुसरा सामील होतो. दोन्हींना फक्त ४-स्पीड ऑटोमॅटिक. मॅन्युअल कारखान्यातून कधीच आली नाही. कुणी दाखवली तर नंतर बदललेली आहे. वेग ताशी १८० किमीला अडवलेला, त्या काळच्या बहुतेक जपानी गाड्यांसारखाच.

विक्री फक्त जपानमध्ये. एकूण ८,८७५ गाड्या गेल्या, साधारण ६० टक्के १३बी आणि ४० टक्के २०बी. मागे का पडली? बाजारात आली आणि जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. पेट्रोल भयंकर खाते (२०बी शहरात लिटरला ३-४ किमी), परदेशात गेली नाही, मॅन्युअल नाही. पाच साखळ्यांचा डावही कोसळला आणि युनोस हे नावच गेलं. त्यावर कळस म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या मंडळींना कळलं की २०बी उपसून आरएक्स-७ मध्ये बसवता येतं. इंजिनं जगभर गेली, बॉडी भंगारात. २०बीचं नाव माहीत असलेले शंभर भेटतील, पण ते मुळात कुठल्या गाडीचं हे विचारलं तर गप्प.

सेल_मारा

वरचा इतिहास बरोबर आहे. मी फक्त तपासणीचं लिहितो.

पहिली गोष्ट चासी नंबर. जेसी३ ने सुरू होत असेल तर १३बी, जेसीई ने असेल तर २०बी. लिलावाच्या कागदावर हा असतोच. जेसीई नंबरच्या गाडीत १३बी सापडलं तर मूळचं इंजिन कुणीतरी काढून विकलेलं आहे.

दुसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यात हवा किती दाबली जाते ते. इथे 'छान आहे' चालत नाही, आणि साधा पिस्टन इंजिनाचा गेज लावून काढलेला आकडाही चालत नाही. कारण असं : एका रोटरला तीन बाजू, म्हणजे तीन कप्पे. तिन्ही एकाच स्पार्कप्लगच्या भोकासमोरून जातात. साध्या गेजमध्ये हवा परत न जाऊ देणारी झडप असते, त्यामुळे काटा तिघांपैकी सगळ्यांत चांगल्या कप्प्याचा आकडा धरून बसतो. दोन कप्पे मेलेले असले तरी तिसरा ठीक असेल तर गेज 'उत्तम' म्हणतो. म्हणून रोटरीचा खास टेस्टर हवा. तो तिन्ही कप्प्यांचे वेगळे आकडे देतो आणि सोबत सेल मारतानाचा आरपीएमही. १३बीला ६ आकडे, २०बीला ९. तीनच आकडे पाठवणाऱ्याने मोजमाप केलेलं नाही असं धरा.

मोजायची रीत : इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, प्लगची ठिणगी तोडलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग सेल. आरएक्स-७ च्या १३बी टर्बोला वापरतात तोच ठोकताळा इथे लावा, कारण २०बीचंही कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.० च आहे. २५० आरपीएमला ८.५ किग्रॅ/सेमी² म्हणजे नव्यासारखं, ६.० म्हणजे शेवटची पायरी, आणि एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत १.५ पेक्षा जास्त तफावत नको. सेलचा आरपीएम कमी पडला तर आकडा आपोआप खाली येतो, जास्त असेल तर फुगतो. आरपीएम न लिहिलेला आकडा फेकून द्या.

खास टेस्टर नसेल तर साध्या गेजची ती झडप काढून किंवा दाबून धरून सेल मारा आणि व्हिडिओ मागवा. काटा उड्या मारेल. तीन उड्या म्हणजे रोटरची एक फेरी. तिन्ही सारख्या उंचीच्या असल्या तर ठीक. एक मोठी, दोन छोट्या असं लंगडत असेल तर विषय संपला. आकडा नाही मिळणार, पण लंगड लपत नाही.

एक युक्तीही लक्षात ठेवा. मोजण्याआधी प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं की सील (कप्प्यातली हवा अडवणाऱ्या पट्ट्या) तात्पुरते बसतात आणि आकडे सुंदर येतात. इंजिन सुरू केल्यावर पहिली मिनिटभर निळा धूर भकाभका आला तर तोच प्रकार समजा.

मधली_प्लेट

१३बी घ्यावी, २०बी नाही, या बाजूने मी लिहितो. इथे सगळे तीन रोटरच्या नावाने भारावलेत.

रोटरच्या गाभ्याची मापं दोन्हींत तीच आहेत : त्रिज्या १०५, उत्केंद्रता १५, रुंदी ८० मिमी. या तिघांच्या गुणाकाराला ३√३ ने गुणलं की ६५४ सीसी एका रोटरचे. तेव्हा अ‍ॅपेक्स सीलचं (रोटरच्या कोपऱ्यावरची, दोन कप्पे वेगळे ठेवणारी पट्टी) माप १३बीचंच. इथपर्यंत सोपं. पण २०बीचा एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटर ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) अखंड नाही. दोन तुकडे निमुळत्या जोडावर बसवलेले, आणि तिसऱ्या रोटरमुळे मध्ये जाड प्लेट आणि जादा बेअरिंग. तो जोड नीट बसला नाही तर पुढचं सगळं वाया. शाफ्ट, जाड प्लेट आणि लांब टेन्शन बोल्ट १३बीतून उचलून लावता येत नाहीत. १३बी उघडणारे बरेच भेटतील, २०बी उघडलेला माणूस शोधावा लागतो.

टर्बोच्या बाबतीत १३बीवाल्यांनीही जपून राहावं. कॉस्मोचे हिताचीचे एचटी-१५ आणि एचटी-१० हे दोन असमान टर्बो आहेत, एफडी म्हणजे तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे एचटी-१२ चे दोन. 'दोन्ही १३बीच ना' म्हणून एफडीचा टर्बो मागवाल तर तो मॅनिफोल्डला बसणार नाही. इनटेक पोर्टही कॉस्मोचे मोठे आहेत.

आणि गाडी जपानमध्येच नोंदवून ठेवायची असेल तर कराचा हिशेब. रोटरीची क्षमता १.५ ने गुणून कर लावतात. १३बी : १,३०८ × १.५ = १,९६२, म्हणजे २ लिटरच्या आतला वर्ग. २०बी : १,९६२ × १.५ = २,९४३, म्हणजे अडीच ते तीन लिटरचा वर्ग. १३ वर्षांच्या वरच्या पेट्रोल गाडीला साधारण १५ टक्के जादा लागतात, ते धरून वर्षाला ४५,४०० येन आणि ५८,६०० येन. फरक जीवघेणा नाही, पण पेट्रोल, सहा स्पार्कप्लग आणि बाकीचं त्यात मिळवा.

तिसरा_रोटर

भागांचं म्हणणं मान्य, पण निष्कर्ष नाही. दीड टनाच्या ऑटोमॅटिक कूपेत १३बी घातलं की त्याला सतत टर्बोच्या टेकूवर चालावं लागतं. ३० किग्रॅ-मी आणि ४१ किग्रॅ-मी यांतला फरक ४-स्पीड ऑटोमॅटिकमध्ये जास्तच जाणवतो, कारण गिअर कमी आणि अंतर मोठं. शिवाय दोन रोटरमध्ये ठोके शाफ्टच्या दर १८० अंशांवर, तीनमध्ये १२० वर. कॉस्मो घ्यायची ती त्या सलग खेचण्यासाठी. १३बीच हवी असेल तर सरळ एफडी घ्यावी, तिचे भाग तरी मिळतात. कॉम्प्रेशन चांगलं असलेली आणि बॉडी न सडलेली २०बी मिळाली तर ती. दोन्हींपैकी एक गोष्ट नसेल तर कुठलीच नको.

निळा_कूपे

दोघांचेही आभार. एका २०बीचे टेस्टरचे आकडे मागवून घेतले, २६० आरपीएमला :

पुढचा रोटर ७.९, ७.७, ७.८
मधला ७.६, ७.७, ७.५
मागचा ७.४, ५.६, ५.५

विकणाऱ्याचं म्हणणं, 'नऊपैकी सात उत्तम आहेत, मागच्यात कार्बन बसलाय, चालवून साफ होईल.' खरं आहे का? शिवाय तिला टचस्क्रीन आहे आणि 'स्क्रीन कधीकधी येतो' असं लिहिलंय. त्याकडे दुर्लक्ष करता येईल का?

सेल_मारा

शेवटचे दोन आकडे शेजारशेजारच्या कप्प्यांचे आहेत, हेच महत्त्वाचं. एक अ‍ॅपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधोमध भिंत म्हणून उभा असतो. तो एक गेला की त्याच्या दोन्ही बाजूंचे कप्पे पडतात आणि तिसरा बऱ्यापैकी राहतो. तुमच्या मागच्या रोटरचं चित्र तंतोतंत तेच. एकच कप्पा पडलेला असता तर त्या बाजूचा साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरचा) गेला असं धरलं असतं. तिन्ही सारखे खाली असते तर हाउसिंगची (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाची) झीज, किंवा इंजिन पेट्रोलने ओलं झालेलं.

कार्बनने अडकलेला सील सुटू शकतो, हे खोटं नाही. पण ती संधी विकणाऱ्याने घ्यावी, तुम्ही नाही. त्याला सांगा : चालव, साफ कर, मग पुन्हा मोज. ५.५ हा आकडा ६.० च्या खाली आहे, तफावत १.९ आहे, आणि २६० म्हणजे २५० पेक्षा किंचित जास्त आरपीएमला काढलेला आहे, म्हणजे खरा याहून थोडा कमीच. या गाडीची किंमत 'इंजिन उघडायची' असं धरूनच लावा. सील तुटलेला निघाला तर तुकडे एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांवर आदळतात. तेव्हा टर्बोही बाहेर काढून बघावा लागेल, तोही खर्चात धरा.

अ‍ॅपेक्स सील का जातो तेही लिहून ठेवतो. बहुतेकदा बूस्टवर (टर्बोने जादा हवा कोंबत असताना) पेट्रोल कमी पडून डेटोनेशन, म्हणजे आतल्या आत अवेळी स्फोट होतो, पिस्टनसारखी सहनशक्ती त्या दोन मिमीच्या पट्टीत नसते. मोकळा एक्झॉस्ट बसवून बूस्ट वर सरकू दिला आणि इंधन तेवढंच राहिलं की हेच घडतं. मोठ्या सायलेन्सरची २०बी दिसली तर बूस्ट गेज आणि इंधनाचं काय केलंय ते आधी विचारा.

होजवाला

दोन गोष्टी राहिल्या, त्या मी घेतो.

स्क्रीन : ती सीसीएस. जुन्या टीव्हीसारख्या रंगीत सीआरटीचा टचस्क्रीन, आणि जीपीएस नेव्हिगेशन कारखान्यातूनच बसवलेली जगातली पहिली गाडी हीच. कौतुक ठीक, पण सीसीएस गाडीत एसीचे आदेशही त्याच पडद्यावरून जातात. पडदा गेला की नकाशा गेला याचं दुःख नाही. काचेवरची वाफ घालवता येत नाही, हे दुःख. 'कधीकधी येतो' म्हणजे लवकरच येणार नाही. त्या सीआरटीला सरळ पर्याय म्हणून आजचा पडदा बसत नाही. नुसती चालवायची गाडी हवी असेल तर सीसीएस नसलेली, बटणांच्या एसीची घ्या.

दुसरं, व्हॅक्यूमच्या नळ्या. सिक्वेन्शियल टर्बोची सगळी कारागिरी सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे वॉल्व्ह), झडपा आणि बारीक रबरी नळ्यांवर चालते, आणि हा सगळा पसारा इनटेकखाली, टर्बोच्या धगीत. तीस वर्षांत रबर बिस्किटासारखं होतं. लक्षण असं : पहिला टर्बो नीट फुगतो, दुसरा जोडायच्या वेळी बूस्ट घसरतो आणि परत येत नाही, किंवा एकदम जास्त येऊन इंजिन इंधन तोडतं. याला टर्बो खराब समजून टर्बो बदलणारे पुष्कळ आहेत. आधी नळ्या बघा.

बदलताना इनटेक मॅनिफोल्ड काढावाच लागतो. नळ्या एकेक करून काढा आणि नवी लगेच तिथेच लावा. सगळ्या उपसून मग आकृती बघत बसाल तर चुकाल. बारीक नळ्यांना आतून ४ मिमीची सिलिकॉन बहुतेक ठिकाणी चालते, पण जाड भिंतीची घ्या, पातळ भिंतीची वळणावर चिमटते. जुन्या नळीत छोटी अडथळ्याची गोटी असेल तर ती काढून नव्या नळीत घाला; ती घाण नसून बूस्ट आवरायला मुद्दाम ठेवलेली असते. एकमार्गी झडपा फुंकून तपासा : एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही. सोलेनॉइड मॅनिफोल्ड उघडं असतानाच हातपंपाने तपासून घ्या, पुन्हा तिथे हात घालायची वेळ येऊ नये. रोटरमध्ये ऑइल सोडणाऱ्या बारीक प्लास्टिक नळ्याही त्याच परिसरात असतात. त्या हात लागताच तुटतात, आणि तुटलेली नळी म्हणजे सीलला ऑइल नाही. शंका असेल तर बदला. वरून पेट्रोलमध्ये लिटरला ५ ते १० मिली टू-स्ट्रोक ऑइल घालणारे खूप आहेत. तोटा काही नाही.

सेल_मारा

कूलंटचं कुणीच लिहिलं नाही. प्लेट आणि हाउसिंगच्या मधल्या कूलंट सीलवर एकदाच गरमी चढली तरी पुरे. थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर आणि मिसिंग, एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे, पातळी विनाकारण घटणं, यांतलं काहीही दिसलं तर इंजिन उघडायचंच. तपासणाऱ्याला गाडी थंड असतानाच बोलवा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी. गाडी आली की कुठल्याही परिस्थितीत आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सगळे कूलंट होज, मग बाकीचं.

आणि थंड इंजिन सुरू करून गाडी दोन फूट सरकवून लगेच बंद करू नका. पेट्रोल हाउसिंगवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकतं, पुढच्या वेळी कॉम्प्रेशनच येत नाही, आणि मग लोक सेल मारून मारून बॅटरी संपवतात. तसं झालंच तर पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढा, सेल मारून आतलं पेट्रोल बाहेर फेका, प्रत्येक रोटरमध्ये ५-१० मिली इंजिन ऑइल सोडून हाताने दोन-तीन फेऱ्या फिरवा, कोरडे प्लग लावा, मग फ्यूज. प्रत्येक रोटरला दोन प्लग, आधी पेटणारा लीडिंग आणि मागून पेटणारा ट्रेलिंग; ते वेगळ्या उष्णता-श्रेणीचे असतात (एफडीला एनजीकेचे लीडिंगला ७ आणि ट्रेलिंगला ९ नंबरचे), काढताना खुणा करून ठेवा. २०बीला सहा आहेत, आणि अदलाबदल झाली तर इंजिन चालतं, पण बूस्टवर नीट चालत नाही.